मदत हवी आहे: जीएम अन्न 'सुरक्षित' आहे हे तपासतात तरी कसं?

शंकेखोर

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात महिनाअखेरीस जीएम अन्नावर (जनुकं बदललेल्या पिकांच्या अन्नावर) चर्चा आहे आणि सुरुवातीची मांडणी माझ्या गळ्यात पडली आहे. मी वाणिज्य शाखेची, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. तरी वाचतेय. जनुक एका सजीवातून दुसऱ्यात कसं नेतात, बीटी प्रथिन (एका जिवाणूकडून घेतलेलं कीडनाशक प्रथिन) अळीच्या आतड्यात काय करतं, इथवर गाडी आली आहे. 'माशाचं जनुक टोमॅटोत' छापाचे फॉरवर्ड कृपया नकोत. तो टोमॅटो प्रयोगाच्या पुढे गेलाच नाही, बाजारात कधी आला नाही, एवढं मलाही कळलं आहे.

अडलंय ते पुढे. एक बाजू म्हणते, ढीगभर अभ्यास झालेत, विषय संपला. दुसरी म्हणते, उंदरांना जेमतेम ९० दिवस खाऊ घालतात, आयुष्यभराचं काय? तपासणी प्रत्यक्षात होते कशी, हे मात्र दोघंही सांगत नाहीत.

खाद्यरंग वगैरे तपासताना प्राण्यांना भरमसाट मात्रा देतात आणि माणसासाठी त्याचा शंभरावा भाग ठरवतात, असं वाचलं. मग जीएम मक्याचं तसंच का करत नाहीत? ९० दिवसच का? आणि २०१२ चा तो गाठी आलेल्या उंदरांच्या फोटोंचा फ्रेंच अभ्यास आमच्याकडे कुणीतरी काढणारच. तो मागे घेतला हे माहीत आहे, पण का? काहीजण म्हणतात कंपन्यांनी दाबला.

पेटंट, बियाण्यांची मालकी, तणनाशकं यांच्यासाठी गटाने वेगळी बैठक ठेवली आहे. इथे फक्त खाण्याच्या सुरक्षिततेबद्दल बोलूया, प्लीज.

तिरकस_तात्या

धागा शंभरी गाठणार. जागा धरून बसलोय.

प्रयोगवही

विषशास्त्रात काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही. लांबण लागेल, चालवून घ्या.

शंभराचा हिशोब एकट्या रसायनाला लागू पडतो. प्राण्यांत ज्या मात्रेला काहीच अपाय दिसत नाही ती घ्यायची आणि शंभराने भागायची. त्यातले दहा उंदीर आणि माणूस वेगळे म्हणून, आणि दहा माणसामाणसांत फरक असतो म्हणून. आता मका शंभरपट कसा घालणार? उंदराच्या खाद्यात साधारण तिसरा हिस्सा मका घालतात. तो वाढवत नेला की बाकीची पोषणद्रव्यं कमी पडतात आणि उंदीर एकांगी खाण्यानेच आजारी पडतो. साध्या मक्यानेही पडेल. म्हणजे अख्खं अन्न खाऊ घालून केलेली चाचणी मुळातच बोथट हत्यार आहे. हे दोन्ही बाजू सोयीस्करपणे विसरतात: एकीला त्यातून 'सिद्ध झालं' म्हणायचं असतं, दुसरीला 'अजून लांबवा'.

म्हणून खरा भर दुसरीकडे असतो. नवं वाण आणि त्याचं मूळ वाण वेगवेगळ्या ठिकाणी शेजारी-शेजारी लावतात आणि प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, वनस्पतीतली नैसर्गिक विषं असं सगळं मोजून ताडून पाहतात. ही तुलनेची कल्पना ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने १९९३ मध्ये मांडली. फरक सापडला की चौकशी तिथून पुढे.

मग येतं नवं प्रथिन. ते वेगळं काढता येतं, त्यामुळे ते मात्र प्राण्यांना मोठ्या मात्रेत देता येतं. त्याची रचना माहीत असलेल्या ॲलर्जीकारक प्रथिनांशी जुळवतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे ८० अमिनो आम्लांच्या (प्रथिन ज्या दुव्यांचं बनतं त्यांच्या) पट्ट्यात ३५ टक्क्यांहून जास्त साम्य निघालं की धोक्याची घंटा. शिवाय जठरातल्या पेप्सिन या पाचक द्रव्यात ते किती लवकर तुटतं हेही बघतात, कारण बऱ्याच ॲलर्जीकारक प्रथिनांना पचायला वेळ लागतो.

९० दिवस हा मुळात रसायनांसाठीचा ठरलेला कालावधी, तोच इथे उचलला. युरोपीय संघाने २०१३ च्या नियमांत ही चाचणी सक्तीची केली. पण आधीच्या तुलनेत काही संशयास्पद सापडलं नसताना ती करून फारसं हाती लागत नाही, असं म्हणणारे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत. माझंही मत तेच. उंदीर उगीच मरतात.

आता सेरालिनी, म्हणजे तुमचा तो २०१२ चा फ्रेंच अभ्यास. प्रयोगात एकूण २०० उंदीर, पण एका गटात एका लिंगाचे दहाच. जात स्प्रेग-डॉली, जिच्यात दोन वर्षांत आपोआप गाठी येण्याचं प्रमाण मुळातच मोठं. दहा उंदरांच्या गटात दोन-चार इकडेतिकडे झाले तर तो खाद्याचा परिणाम की योगायोग हे सांगताच येत नाही. नियतकालिकाने २०१३ मध्ये निबंध मागे घेतला तेव्हा लबाडी आढळली नाही असंच म्हटलं. निष्कर्ष निघत नाही हे कारण दिलं. लेखकांनी तो २०१४ मध्ये दुसरीकडे पुन्हा छापला. दाबल्याच्या संशयाला जागा मिळाली ती यामुळे, की २०१३ च्या सुरुवातीला त्या नियतकालिकाच्या संपादकांत पूर्वी मोन्सॅन्टो या जीएम बियाणं विकणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एका शास्त्रज्ञाची भर पडली होती. ते शोभलं नाहीच. पण त्याने दहा उंदीर पुरेसे ठरत नाहीत.

आडवाट

प्रयोगवही, सगळं ठीक. पण या चाचण्यांनी कधी काही पकडलंय का? की दरवेळी 'पास'च? आणि माहिती गोळा करणार कोण, तर वाण विकणारी कंपनीच ना?

प्रयोगवही

पकडलंय. सोयाबीनमध्ये मेथिओनीन हे पोषक अमिनो आम्ल वाढवायला ब्राझील नटचं जनुक घातलं होतं. त्या नटाची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तद्रवाने या सोयाबीनलाही प्रतिसाद दिला. १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि ते वाण बाजारात आलंच नाही.

त्याहून गुंतागुंतीची गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या मटाराची. भुंगेऱ्यापासून बचावासाठी त्यात घेवड्याचं एक प्रथिन घातलं. २००५ मध्ये दिसलं की उंदरांची प्रतिकारशक्ती त्यावर उसळते. प्रकल्प गुंडाळला. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने तपासलं तर साध्या घेवड्यावर आणि साध्या मटारावरही उंदरांनी तशीच प्रतिक्रिया दिली! आता याला चाचणीचं यश म्हणायचं की खोटा इशारा? शंकेखोर, तुमच्या गटात हे उदाहरण जरूर ठेवा, दोन्ही बाजूंची पंचाईत होते.

आणि हो, लेनापे बटाटा. अमेरिकेत साध्या संकरातून तयार झालेलं वाण. सोलॅनिनसारखी विषं जास्त निघाली म्हणून १९७० मध्ये मागे घ्यावं लागलं. जीएमचा संबंध शून्य.

कंपनीच माहिती देते हा आक्षेप मात्र रास्त. खर्च अर्जदाराने करावा हे ठीक, पण कागद बंद कपाटात नकोत. युरोपात २०२१ पासून अर्जासोबतचे अभ्यास जाहीर करावे लागतात. सगळीकडे व्हायला हवं.

आडवाट

स्टारलिंक नावाचा जीएम मका राहिला की. १९९८ मध्ये तो मका फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर होता, कारण त्यातलं प्रथिन हळू पचत होतं. २००० मध्ये माणसांच्या खाण्यात सापडला. चाचणीने इशारा दिला होता, गोदामाने ऐकला नाही.

प्रयोगवही

+१. नंतर त्रास झाल्याचं सांगणाऱ्यांचं रक्त तपासलं, त्या प्रथिनाची ॲलर्जी सिद्ध झाली नाही. पण धान्य वेगळं ठेवता येत नसेल तर 'फक्त जनावरांसाठी' या मंजुरीला अर्थ नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

शंकेखोर

दोघांचेही मनापासून आभार. मांडणीचा क्रम बदलते: आधी मटार, मग तपासणीची पद्धत, सेरालिनी कुणी विचारलं तरच.

एक शेपूट उरलंय. क्रिस्परने (जनुक हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राने) वनस्पतीचंच एखादं जनुक बंद केलं तर नवं प्रथिन नसतंच. मग तपासायचं काय?

प्रयोगवही

घटकांची तुलना तशीच लागू होते, आणि कात्री भलतीकडे चालली का हे जनुकक्रम वाचून बघता येतं. बाकी देशोदेशी वेगळं. युरोपच्या न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पिकांनाही जीएमचेच नियम लावले. जपानमध्ये जनुक-संपादित टोमॅटो २०२१ पासून विकायला आहे. यावर बोलायचं तर नवा धागा काढा, तात्यांची जागा धरून ठेवतो.