बोरिंगचं नितळ पाणी बादलीत लाल का होतं?

प्रश्न (लांजा तालुका)

नमस्कार. यंदा घरामागे बोरिंग मारलं. पाणी भरपूर लागलं आणि पंप चालू केला की अगदी नितळ येतं. पण बादली भरून ठेवली की दुपारपर्यंत पिवळट दिसायला लागतं, सकाळी तळाला विटकरी गाळ. तापवलं तर तपेल्यातच रंग धरतं. चहा काळपट होतो, भात पिवळसर.

बोरिंगवाले म्हणतात पाईप गंजला असेल. पण केसिंग प्लास्टिकचं आहे आणि नवं आहे. म्हणून मी पंपाचा पाईप काचेच्या बाटलीच्या तळाशी धरून ती गच्च भरली आणि बूच लावलं. दुसऱ्या दिवशीही त्या बाटलीतलं पाणी नितळच! शेजारच्या काकूंच्या विहिरीचं पाणी कधीच लाल होत नाही. हे असं का, आणि आमचं पाणी प्यावं का?

उत्तर (देवगड, निवृत्त विज्ञान शिक्षिका)

ताई, बाटलीचा प्रयोग फार छान केलात. उत्तर त्यातच आहे. बाटलीत हवा शिरली नाही, बादलीत शिरली.

पावसाचं पाणी मातीतून खाली झिरपताना मुळं आणि जीवाणू त्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोलवर पोचेपर्यंत पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही आणि ते किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी दगडमातीतलं लोह फेरस रूपात विरघळवून घेतं. त्याला दिसण्याजोगा रंग नसतो. वर आल्यावर हवेतला ऑक्सिजन मिळाला की फेरसचं फेरिक होतं. ते पाण्यात विरघळत नाही, हायड्रॉक्साइड होऊन तांबूस गाळासारखं खाली बसतं. तुमच्या पाईपचा यात काही दोष नाही.

आपला जांभा लाल आहे तो लोहामुळेच. पण त्यातल्या लोहाला ऑक्सिजन आधीच मिळालेला असल्यामुळे ते सहसा पाण्यात उतरत नाही. म्हणून लाल चिऱ्यात खणलेल्या विहिरीचं पाणी स्वच्छ असू शकतं. शिवाय विहिरीचं तोंड उघडं असतं. थोडं लोह आलंच तर ते तिथेच बसतं. त्रास होतो तो जिथे हवा पोचत नाही अशा खोल थरातल्या पाण्याचा.

तापवल्यावर रंग लवकर का येतो, तेही बघा. तपेल्याच्या कडेला आधी जे बारीक बुडबुडे चिकटतात ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा असते. तिच्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, पाण्याचा सामू (pH) वाढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो, आणि लोह झपाट्याने खाली बसतं. सामू एकाने वाढला की ही क्रिया साधारण शंभरपट वेगाने होते. चहा काळपट होतो तो चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. हिरड्यातही टॅनिन असतं. हिरडा आणि लोह मिळून पूर्वी शाई करायचे, तीच ही क्रिया.

उपाय हवेनेच करायचा. ७ मिलिग्रॅम लोहाला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरतो आणि आपल्याकडच्या उष्णतेत लिटरभर पाण्यात हवेतून साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे पाण्याला हवा नीट लागली की काम झालं. टाकीत पाणी सोडताना भोकं पाडलेल्या पाईपातून, उंचावरून, बारीक धारांनी पडू द्या. रात्रभर निवळू द्या आणि मग धुतलेल्या नदीच्या वाळूतून गाळून घ्या. समुद्रावरची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. टाकीची तोटी तळापासून वीतभर वर ठेवा, नाहीतर बसलेला गाळ पुन्हा घरात येईल.

उत्तर (गुहागर, सुपारी बागायत)

बाईंनी सांगितलं ते ठिबकवाल्यांनीही लक्षात घ्यावं. असंच पाणी मी थेट ठिबकला जोडलं होतं. ड्रीपरच्या तोंडाशीच पाण्याला हवा लागते आणि तिथेच लाल चिखल धरतो. झाडं सुकायला लागली तेव्हा नळी कापून पाहिली, आतून तांबडी बुळबुळीत. आता पाणी आधी उघड्या हौदात पडतं, दुसऱ्या दिवशी वरचं निवळ पाणी ठिबकला घेतो.

प्रश्नकर्ती

बाई, दादा, मनापासून आभार. बादलीवर कधीकधी तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. पंपाचं तेल तर उतरत नसेल ना? आणि मुलीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पिवळे डाग पडलेत, ब्लीचिंग पावडरने ते अजूनच गडद झाले.

उत्तर (देवगड)

तवंगात काडी फिरवून बघा. तुकडे होऊन ते वेगवेगळेच राहिले तर ती लोहावर जगणाऱ्या जीवाणूंची किंवा लोहाचीच साय आहे. पुन्हा एकत्र जुळून आला तर तेल समजा आणि पंप वर काढून घ्या.

डागाला ब्लीचिंग नकोच. त्यातलं क्लोरीन कापडातल्या उरल्यासुरल्या फेरसचंही फेरिक करतं आणि डाग पक्का होतो. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून त्यात शर्ट भिजवा. त्यातलं आम्ल लोहाला धरून पुन्हा पाण्यात आणतं. मग भरपूर पाण्यात खळबळा, आणि ते पाणी बोरिंगचं नको, काकूंच्या विहिरीचं घ्या.

पिण्याचं म्हणाल तर लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर डाग पडायला लागतात. एवढ्याने कुणी आजारी पडत नाही. पण पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत हे लोहावरून कळत नाही, त्यामुळे तपासणी झाल्याशिवाय लेकीला ते पाणी देऊ नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्यात प्रयोगशाळा असते. लोह आणि जंतू यांचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत लागतात. लोहाच्या बाटलीत आधीच आम्ल घालावं लागतं, नाहीतर वाटेतच लोह तळाला बसतं आणि आकडा कमी येतो. म्हणून बाटल्या तिथूनच मागून आणा.