मेथड ॲक्टिंगचं श्रेय जरा जास्तच झालं नाही का?

पिटातला प्रेक्षक

परवा रात्री 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) पुन्हा पाहिला. सोबत भाचा होता, नाटकाच्या ग्रुपमध्ये नुकताच शिरलेला. मार्लन ब्रँडो पडद्यावर आला की दर दहा मिनिटांनी "मामा, ही बघ मेथड!" (मेथड म्हणजे पात्राची भावना वरवर न रंगवता आतून आणायची, न्यूयॉर्कच्या वर्गांत शिकवली गेलेली अभिनयाची तालीम.) हातमोज्याच्या प्रसंगाला तर गडी उठून उभाच राहिला. आमचा वाद जेवणापर्यंत चालला आणि आईने पानं घेतल्यावर अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: गोदीतला हमाल टेरी (ब्रँडो) आणि ईडी (ईव्हा मरी सेंट) बागेतून चालले आहेत. तिच्या भावाच्या खुनात टेरी नकळत सामील होता, हे तिला ठाऊक नाही. ती जायच्या घाईत आहे. तिचा एक हातमोजा खाली पडतो. तो उचलतो, पण परत देत नाही. झोपाळ्यावर बसतो, मोज्याला लागलेली धूळ झटकतो आणि बोलता बोलता तो नाजूक पांढरा मोजा आपल्या जाड बोटांवर चढवतो. मोजा त्याच्याकडे, म्हणून तिचा पाय निघत नाही. तालमीत मोजा खरंच चुकून पडला, ब्रँडोने तो उचलला आणि दिग्दर्शक कझानने तसंच ठेवलं, असं सांगतात.

फार सुंदर. पण यात मेथड कुठे आली? आपल्या नाटकात फोनची घंटा वेळेवर वाजली नाही तर मुरलेला नट सांभाळून घेतोच ना? चॅप्लिन टोपी आणि काठीशी काय कमी खेळला?

दुसरं, 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१). ब्रँडोच्या बनियनची आजवर पूजा चालू आहे. पण अभिनयाची चारपैकी तीन ऑस्कर त्या सिनेमाला मिळाली, ती व्हिवियन ली, किम हंटर आणि कार्ल माल्डनला. ब्रँडोच्या हातून बक्षीस गेलं हम्फ्री बोगार्टकडे, ज्याने मेथडच्या वर्गाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, की त्या काळचे सिनेमे थोर झाले ते जुनी तालीम आणि नवी तालीम एकमेकींवर आदळल्या म्हणून. आपण सगळा हार एकीच्याच गळ्यात घातला. आणि पुढे काय पदरात पडलं? पुटपुटणं, आणि भूमिकेसाठी वजन वाढवल्याच्या बातम्या.

मधली_सुट्टी

शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

विंगेतून

मामा, गणितात घोळ आहे. तुम्ही ज्या तिघांना ब्रँडोच्या विरुद्ध उभं केलंत, त्यातले दोघे ब्रँडोच्याच घरातले. माल्डन ग्रुप थिएटर या न्यूयॉर्कच्या नाटकमंडळीत वाढलेला आणि किम हंटर ॲक्टर्स स्टुडिओची, म्हणजे तिथल्याच मेथडच्या शाळेची. म्हणजे तीनपैकी दोन ऑस्कर 'नव्या तालमी'च्याच खात्यात जमा! उरली एकटी व्हिवियन ली. तिच्याबद्दल मी काहीच बोलणार नाही, तिथे हात जोडले.

आता मूळ दुखणं. 'मेथड' हा शब्द आपण गोणपाटासारखा वापरतो, काहीही भरा. १९२३ मध्ये रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की आपलं मॉस्को आर्ट थिएटर घेऊन अमेरिकेत आला. त्याची दोन माणसं, बोलेस्लाव्स्की आणि मारिया उस्पेन्स्काया, तिथेच राहिली आणि शिकवू लागली. त्यांच्या हाताखाली ली स्ट्रासबर्ग आणि स्टेला ॲडलर तयार झाले. १९३१ मध्ये ग्रुप थिएटर निघालं. तिथे स्ट्रासबर्गने भर दिला तो भावस्मृतीवर. रंगमंचावर रडायचंय ना? मग तुझ्या आयुष्यातला एखादा मृत्यू आठव, त्या खोलीचा वास आठव, भिंतीचा रंग आठव, रडू आपोआप येईल.

१९३४ मध्ये स्टेला ॲडलर पॅरिसला खुद्द स्तानिस्लाव्स्कीला भेटली. काही आठवडे त्याच्याकडे बसून शिकली आणि परत येऊन म्हणाली की म्हातारा तर पुढे निघून गेलाय! स्वतःच्या जखमा उकरायची गरज नाही. नाटकाने दिलेली परिस्थिती काय आहे, पात्राला काय हवंय आणि ते मिळवायला ते हाताने काय *करतं*, हे बघा. यावरून तिचं आणि स्ट्रासबर्गचं जे फाटलं ते जन्मभर शिवलं गेलं नाही.

ब्रँडो या ॲडलरबाईंचा विद्यार्थी. स्ट्रासबर्गने आपल्याला काही शिकवलं नाही, हे त्याने आत्मचरित्रात ठणकावून सांगितलंय. आता हातमोजा परत बघा. टेरीला काय हवंय? ती थांबायला हवी. ते मिळवायला तो काय करतो? मोजा अडकवून ठेवतो. याला तुम्ही हजरजबाबीपणा म्हणा. ॲडलरच्या वर्गात याला गृहपाठ म्हणतात.

फोनची घंटा सांभाळून घेणारा नट *नाटक* वाचवतो. इथे ब्रँडो ते वाचवत नाही. पडलेल्या मोज्यातून त्याने टेरीचा भित्रेपणा, मुलीची ओढ आणि गुन्ह्याची बोच तिन्ही एकदम बाहेर काढली आहेत. संवाद लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं ते.

अण्णा_सदाशिव

भरतमुनींनी हे सगळं केव्हाच सांगून ठेवलंय. सात्त्विक अभिनय वाचा. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. मन एकाग्र झाल्याशिवाय हे अंगावर येत नाहीत, असं नाट्यशास्त्रातच आहे. न्यूयॉर्कपर्यंत जायचं कारण नाही.

मधली_सुट्टी

अण्णा, आठव्या प्रतिसादापर्यंत वाट पाहीन असं ठरवलं होतं, तुम्ही तिसऱ्यातच आलात. :)

विंगेतून

हसू नका, अण्णांचा मुद्दा बरोबर आहे. फक्त भरत सांगतो की हे आतून आलं पाहिजे. सकाळी साडेनऊला, आठव्या टेकला, समोर दिव्याखाली माणूस जांभई देत असताना ते आतून आणायचं कसं, भांडण त्याचं आहे.

बॅटरीवाला

टॅक्सीचा प्रसंग कुणी काढला नाही, आश्चर्य आहे. त्याच सिनेमातला. मागच्या सीटवर टेरी आणि त्याचा थोरला भाऊ चार्ली, म्हणजे रॉड स्टायगर. मागच्या काचेतून पळता रस्ता दिसावा म्हणून पडद्यावर जी फिल्म टाकतात, ती सोय त्या दिवशी नव्हती, म्हणून काचेला सरळ पट्ट्यांचा पडदा लावून टाकला. बघा नीट, टॅक्सीला घरासारखा पडदा आहे! सत्तर वर्षं लोक रडताहेत, पडद्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

तर गंमत अशी. ब्रँडोचे क्लोजअप झाले, तेव्हा स्टायगर समोर बसून वाक्यं देत होता. स्टायगरची पाळी आली तेव्हा ब्रँडो निघून गेला होता, त्याची मानसोपचारतज्ज्ञाची वेळ ठरलेली असायची. स्टायगरसमोर त्याची वाक्यं दुसऱ्याच कुणीतरी वाचली. स्टायगरने हा राग पुढे कित्येक वर्षं मनात धरला.

म्हणजे 'सत्य', 'समोरच्याशी खरं नातं' वगैरे मंत्र म्हणणाऱ्यांच्या सर्वात गाजलेल्या प्रसंगात एकाच्या समोर दुसरा नव्हताच. आता सांगा, हे जुन्या पद्धतीचं चोख काम नाही तर काय?

विंगेतून

उलट! समोर कुणी नसताना चार्लीच्या तोंडावरचा रंग उडतो, तो कुठून आला? स्टायगरही स्टुडिओचाच. नसलेली गोष्ट इंद्रियांनी उभी करायची, हाच तर तिथला रोजचा रियाज. तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत.

बॅटरीवाला

म्हणजे समोरचा असला तरी मेथड, नसला तरी मेथड. मग हरायचं केव्हा तुम्ही?

संथ_गोदा

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. कॉलेजात असताना मी एका नाट्यशिबिरात गेले होते. गावाचं नाव नको. पहिले दोन दिवस कपाचा व्यायाम. हातात कप नाही, पण आहे असं समजायचं. वजन, ऊब, कानाचा गोलावा, ओठाला लागणारी कड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या बोटांना खरंच चटका जाणवला. मी दचकले. आजही स्टीलचा पेला हातात घेतला की मधूनच तो कप आठवतो. तो व्यायाम सोन्यासारखा होता.

तिसऱ्या दिवशी सरांनी एका मुलाला मध्ये बसवलं. त्याची आई सहा महिन्यांपूर्वी गेली होती आणि हे सरांना माहीत होतं. दवाखान्यातली खोली आठव, म्हणाले. पलंग कुठे होता? तिच्या हातात काय होतं? मुलगा हमसून हमसून रडला. सर म्हणाले, "हे धरून ठेव, हे तुझं भांडवल आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या, माझी मलाच लाज वाटते. प्रयोगाच्या दिवशी त्याला रडू आलंच नाही. विंगेत आला आणि तिथे मात्र थांबेना. पुढे त्याने नाटक सोडलं.

तेव्हा विंगेतून, ॲडलर आणि स्ट्रासबर्ग यांच्यातला फरक तुम्ही पुस्तकातला म्हणून सांगितलात. माझ्या डोळ्यांदेखत तो दुसरा आणि तिसरा दिवस यांच्यातला फरक होता.

विंगेतून

ताई, काय बोलू. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असू नये.

खारेदाणे

मी कुंपणावर बसणाऱ्यांपैकी. पण 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' (१९६१) विसरू नका. मामांनी 'आदळल्या' म्हटलंय ना, ते तिथे एका खोलीत दिसतं. न्यायाधीशाच्या खुर्चीत स्पेन्सर ट्रेसी. 'संवाद पाठ करा आणि फर्निचरला धडकू नका' हा सल्ला ज्याच्या नावावर खपवतात तो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माँटगोमेरी क्लिफ्ट, नव्या अभिनयाचा ब्रँडोच्याही आधी सिनेमात पोचलेला चेहरा. १९५६ च्या मोटार अपघाताने तो चेहरा मोडला होता आणि दारू-गोळ्यांनी माणूस.

नाझींनी मतिमंद ठरवून नसबंदी केलेल्या पीटरसनची त्याची भूमिका. वकील त्याला सांगतो की ससा, शिकारी आणि शेत हे तीन शब्द घेऊन वाक्य कर. त्याला जमत नाही. हात कुठे ठेवावे कळत नाहीत. मग तो आईचा फोटो काढून कोर्टाला दाखवतो आणि विचारतो, ही मतिमंद होती का?

चित्रीकरणात क्लिफ्टला ओळी खरंच लक्षात राहत नव्हत्या. ट्रेसीने त्याला सांगितलं की माझ्या डोळ्यांत बघ आणि मला सांग. दिग्दर्शक क्रेमरनेही शब्द चुकले तरी चालतील म्हटलं. आता ते जे पडद्यावर आहे तो अभिनय की अवस्था, मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण ऐकणारा ट्रेसी नसता तर तो प्रसंग सांडून गेला असता, एवढं नक्की. ट्रेसी काही करत नाही. फक्त ऐकतो. 'फक्त' म्हणालो, पण करून बघा.

नवाखेळ

आणि इंग्लिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए आणि डस्टिन हॉफमनचा किस्सा? 'मॅरेथॉन मॅन'च्या वेळी हॉफमन रात्र-रात्र जागून आला, तर ऑलिव्हिए म्हणाला, पोरा, अभिनय करून का बघत नाहीस? विषय संपला!

बॅटरीवाला

तो किस्सा मेथडविरोधी मंडळींचा हनुमान चालिसा आहे, आणि मी त्याच गटातला असूनही सांगतो की तो अर्धाच आहे. हॉफमनने स्वतःच नंतर सांगितलं की तेव्हा त्याचा घटस्फोट चालू होता आणि जागरणं पार्ट्यांचीही होती. भूमिकेचं निमित्त सोयीचं पडलं.

त्यापेक्षा हा घ्या. 'द गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात (१९७४) ली स्ट्रासबर्ग स्वतः नट म्हणून उतरला, वयाच्या सत्तरीत. सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नाव लागलं. हरला कुणाकडून? त्याच सिनेमातल्या रॉबर्ट डी निरोकडून, आणि डी निरो शिकला होता स्टेला ॲडलरकडे. बाईंना त्या रात्री झोप छान लागली असेल.

दादरकर_दुपारचा

आपल्याकडचं एक. 'दो बिघा जमीन' (१९५३) साठी बलराज साहनी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरी हातरिक्षा ओढायला शिकले. त्यांना जमेना, घाबरले. मग बिहारचा एक रिक्षावाला भेटला. त्याचीही जमीन जमीनदाराकडे अडकलेली, म्हणजे सिनेमाची गोष्ट जशीच्या तशी. साहनी लिहितात की मग त्यांनी अभिनयाची चिंता सोडून त्या माणसाचा आत्मा उसना घेतला. आणि दिलीपकुमार १९४४ पासून पडद्यावर, म्हणजे ब्रँडोच्या पहिल्या सिनेमाच्या सहा वर्षं आधी. शोकांतिका करून करून मन इतकं खचलं की डॉक्टरांनी हलक्याफुलक्या भूमिका घ्यायला सांगितलं. यांच्यापैकी कुणी न्यूयॉर्कला फी भरली होती का?

विंगेतून

नव्हती. म्हणून साहनींची रीत स्ट्रासबर्गपेक्षा ॲडलरला जवळची, स्वतःचं दुःख न उकरता दुसऱ्याचं समजून घ्यायची. बघा, मी हरत नाही. :)

पिटातला प्रेक्षक

सगळ्यांचे आभार. हंटर आणि माल्डनच्या बाबतीत माझी चूक, कान पकडले. संथ_गोदा, तुमचा प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवला. त्याने काही म्हटलं नाही, हे त्याच्यासाठी फार आहे.

पण व्हिवियन लीवर हात जोडून सुटू देणार नाही मी. ती 'स्ट्रीटकार'ची नायिका ब्लांश लंडनच्या रंगमंचावर १९४९ मध्ये नवऱ्याच्या, म्हणजे ऑलिव्हिएच्या, दिग्दर्शनाखाली करून आली होती. सुरुवातीला ती सेटवर सारखं "लंडनला आम्ही असं करायचो" म्हणायची आणि कझान (हाही सिनेमा त्याचाच) वैतागायचा. ठरवून केलेला हात, ठरवून वळवलेली मान, शिकवून तयार केलेला गळा. ब्लांश स्वतःच सतत सोंग करून जगते. दिव्यावर कागदी कंदील चढवल्याशिवाय कुणासमोर येत नाही. तिला ती जुनी, रंगवलेली रीतच हवी. समोर ब्रँडो खातो, खाजवतो, ताटं फोडतो. दोघे एकाच शाळेतले असते तर तिथे नुसतं घरगुती भांडण झालं असतं. माझं मूळ म्हणणं तिथे अजून उभं आहे.

जाता जाता, रात्री भाच्याने आणि मी टॅक्सीचा प्रसंग आवाज बंद करून पाहिला. चार्ली सख्ख्या भावावर पिस्तूल काढतो. मी इतकी वर्षं समजत होतो की टेरी चिडतो. चिडत नाही तो. दोन बोटांनी पिस्तुलाची नळी हलकेच बाजूला करतो आणि मान हलवतो, जेवताना धाकट्याच्या हातून पाणी सांडल्यावर थोरला हलवतो तशी. इथे तर धाकटा तोच आहे.

भाचा म्हणाला, परत लाव.