उष्णता न देताही अपघटन होतं

अपघटन म्हणजे एकच पदार्थ तुटून त्यातून दोन किंवा जास्त पदार्थ तयार होणं. ‘अपघटन अभिक्रियेला उष्णता द्यावीच लागते’ असं काहीजण म्हणतात. चुनखडी तोडून कळीचा चुना करण्यापुरतं ते बरोबर. भट्टी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय तो मिळत नाही. पण हायड्रोजन पेरॉक्साइड तुटताना उलट स्वतःच उष्णता देतं, आणि उजेडातही हळूहळू पाणी नि ऑक्सिजन होऊन जातं. म्हणून तर त्याची बाटली गडद रंगाची.

मी मुलांना हे बटाट्यावर दाखवते. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइडचं ३ टक्क्यांचं द्रावण अरुंद पेल्यात घ्यायचं, कच्च्या बटाट्याची फोड टाकायची. बटाट्यातल्या कॅटालेज नावाच्या विकरामुळे (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनामुळे) लगेच ऑक्सिजनचा पांढरा फेस चढतो, त्यावर धरलेली उदबत्ती लखकन उजळते. मग उकडलेली फोड टाका, फेस जवळजवळ नाहीच! उकडताना विकर निकामी झालेलं असतं. हा फरक बघताना मुलांचे डोळे जे मोठे होतात ना, ते समीकरण पाठ करून कधीच होत नाहीत.