तंबू काठाला नको
होडीवर नजर राहावी म्हणून तंबू पाण्यालगत ठोका, असा सल्ला होडीने टापूवर मुक्कामाला जाणाऱ्यांना कुणीतरी दिलाय. मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या सैलानीकडच्या टापूंवर (बेटांवर) हे कृपा करून करू नका. इंदूरहून जाणाऱ्यांना तलाव शांत वाटतो, पण ते ओंकारेश्वर धरणाचं पाणी आहे. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या इंदिरा सागर धरणाची वीज-जनित्रं जास्त चालली की पातळी चढते, थांबली की उतरते. काठ सपाट असेल तर वीतभर उतारानेही होडी सकाळी चिखलात रुतलेली सापडते. ओल्या-सुक्या मातीची रेघ आणि अडकलेला काडीकचरा बघा, तंबू त्याच्या बराच वर लावा. होडीचा दोर झाडाला, पण ढिला. काळ्या मातीच्या भेगांत खुंट्या धरत नाहीत, त्यांवर दगड ठेवा. परवानगी मात्र आधीच काढा.