मचाणावरील शिकारीसाठी पारंपरिक धनुष्य कोणते घ्यावे?

प्रश्न: आजवर ६६ इंची लाँगबोने (लांब, साध्या वळणाच्या धनुष्याने) जमिनीवरूनच नेम धरला आहे. मचाणावर बसून ओढताना मात्र खालचे टोक फळीला अडते. आखूड रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) घेणे योग्य ठरेल का, आणि त्याची जुळवणी कशी करावी?

उत्तर १: ५८ ते ६० इंची रिकर्व्ह घ्यावे, त्याहून आखूड धनुष्यात दोरीचा कोन तीव्र होऊन बोटे चिमटली जातात. धनुष्यावर लिहिलेले वजन, म्हणजे दोरी ओढण्यास लागणारा जोर, २८ इंच ओढीचे असते, त्यामुळे आपली ओढ २६ इंच असल्यास ४५ पौंडांचे धनुष्य हातात सुमारे ४० पौंडांचेच भरते, हे खरेदीपूर्वीच मोजून पाहावे. दोरी चढवल्यावर मूठ ते दोरी हे अंतर ७.५ इंचांपासून सुरू करून दोरीला थोडे थोडे पीळ देत वाढवावे आणि जिथे आवाज सर्वांत कमी येईल तिथे थांबावे. हरीण दोरीच्या आवाजानेच दचकते, म्हणून यात घाई नको.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे, पण खरी चूक शरीराच्या ठेवणीत होते. खाली नेम धरताना केवळ हात झुकवला तर ओढ आखडते आणि बाण वर जातो, म्हणून आधी समोर सरळ ओढून मग कमरेतून वाकावे. जनावर अगदी बुंध्याशी असल्यास तीव्र कोनामुळे दोन्ही फुप्फुसे साधत नाहीत. अशा वेळी बाण सोडू नये. सुरक्षापट्टा जमिनीवरूनच बांधावा आणि धनुष्य नंतर दोरखंडाने वर ओढून घ्यावे.