तेलाच्या थराने पाणकिडे मरतात, मग मासे का मरत नाहीत?

मोहोळ_शेततळं: 30 बाय 30 मीटरचं तळं आहे. त्यात रोहू-कटल्याचं जिरं (अंड्यांतून नुकतीच निघालेली माशांची पिल्लं) सोडायचंय. पाण्यात उताणे पोहणारे किडे फार झालेत, ते जिरं खातात. साबण-तेल टाका असं सगळे सांगतात. पण ऑक्सिजन दोघांनाही लागतो. मग तेलाने किडाच कसा मरतो? आणि प्रमाण किती घ्यायचं?

पाणशाळा: दोघांची श्वास घ्यायची वाट वेगळी आहे. मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो. तोंडातून घेतलेलं पाणी कल्ल्यांवरून जाऊन झाकणाखालून बाहेर पडतं. रोहूचं झाकण उचलून बघा, दोन्ही बाजूंना चार-चार लालभडक कमानी दिसतील. कमानीवर तंतूंच्या दोन रांगा आणि प्रत्येक तंतूवर अतिशय पातळ पापुद्रे असतात. पापुद्र्यात रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. त्यामुळे शेवटपर्यंत रक्तापेक्षा शेजारच्या पाण्यातच ऑक्सिजन जास्त राहतो आणि चांगल्या स्थितीत पाण्यातला 80 टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेता येतो. तेवढी गरजच आहे. लिटरभर हवेत 210 मिली ऑक्सिजन असतो, लिटरभर पाण्यात जेमतेम 5-7 मिली.

किड्याचं रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम जवळजवळ करतच नाही. अंगावरच्या श्वासरंध्रांतून हवा थेट नळ्यांमध्ये शिरते आणि नळ्या बारीक होत होत पेशींपर्यंत पोचतात. (झुरळाला अशा रंध्रांच्या 10 जोड्या असतात.) तुमचा उताणा किडा हवा घ्यायला वर येतो. पोटाखालच्या केसांत ती हवा धरून ठेवतो, म्हणून बुडी मारताना त्याचं पोट चांदीसारखं चकाकतं. वर तेलाचा थर असला की तेल रंध्रांत शिरतं आणि नळ्या बंद होतात. साबणामुळे तेल पाण्यात फुटतं आणि पाणी न धरणारे केसही भिजतात. पाणविंचू शेपटीच्या नळीने आणि पाणभुंगेरा पंखांखाली हवा घेतो, तेही यातच सापडतात.

बांधावरचा: हेक्टरी 56 किलो तेल आणि 18 किलो साबण धरतात. तुमचं तळं 900 चौरस मीटर, म्हणजे 5 किलो तेल आणि साधारण 1.6 किलो साबण. स्वस्तातलं कोणतंही खाद्यतेल चालेल. साबण साध्या वडीचा घ्या, धुण्याची पावडर नको. वडी किसून गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. मग ढवळत ढवळत तेल ओता. पांढरट, एकजीव झालं की लगेच फवारा. ठेवून दिलं तर तेल वेगळं होतं.

हे जिरं सोडायच्या 12 ते 24 तास आधी करा. फसतं ते बहुतेक वाऱ्यामुळे. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, सगळा थर पूर्वेच्या बांधाला जाऊन चिकटतो आणि उरलेल्या तळ्यात किडे मजेत असतात. म्हणून पहाटे वारा पडलेला असताना, पश्चिमेच्या बांधावरून टाका. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद ठेवा, नाहीतर थर फाटतो.

मोहोळ_शेततळं: मग जिरं सोडल्यावर किडे परत दिसले तर पुन्हा टाकू का? आणि चतुराच्या अळ्या यात मरतील?

पाणशाळा: चतुराच्या अळ्या नाही मरणार. त्यांचे कल्ले गुदद्वाराच्या आत असतात. तिथूनच पाणी आत-बाहेर करून त्या श्वास घेतात, वर यायची त्यांना गरजच पडत नाही. त्यांच्यासाठी बारीक जाळ्याने तळ ओढून काढा, विशेषतः काठच्या गवतातून.

जिरं असताना तेल टाकू नका. थरामुळे हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरणं कमी होतं. त्यातच रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. 30 अंशांच्या पाण्यात पूर्ण भरला तरी लिटरला साडेसात मिलिग्रॅमच मावतो. सूर्योदयाआधी मीटरने मोजा. 5 च्या वर हवा, 3 च्या खाली गेला तर लगेच एअरेटर लावा.

बांधावरचा: आणि सोडायच्या आधी थर उरला असेल तर दोघांनी सुती कापड पाण्यावरून ओढत न्या आणि एका कोपऱ्यात तेल गोळा करून काढून टाका.