मदत हवी आहे: धबधब्याच्या वाटेवरचा ओढा

येत्या रविवारी आम्ही पाच जण जंगलातल्या एका धबधब्यापर्यंत चालत जाऊन दुपारपर्यंत परतणार आहोत. सोबत आठ वर्षांची मुलगी आहे आणि गुडघे दुखणारी आई. वाट एका बाजूने ४ किमी, चढ साधारण २५० मीटर. नेस्मिथच्या नियमाने (ताशी ५ किमी, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास) जाऊन-येऊन दोन तास होतात, मी चार धरलेत. परवानगी घेतली आहे, नकाशा फोनवर उतरवलाय, धबधब्याच्या डोहात कुणीही उतरणार नाही.

अडलंय ते ओढ्यापाशी. धबधब्याच्या थोडं अलीकडे तो ओलांडावाच लागतो, दुसरी वाट नाही. परवा एकटा जाऊन बघून आलो. पाणी घोट्याएवढं, तळ स्वच्छ दिसत होता, पण दगडांवर इतकं शेवाळ की टेकलेली काठीसुद्धा सटकत होती. वरच्या अंगाला पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही पाणी चढतं. ते गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला की थांबायचं, एवढं पक्कं ठरवलंय.

आईला आणि मुलीला दगडांवरून न्यावं, की बूट घालूनच सरळ पाण्यातून? आणि लहान मूल सोबत असताना पाणी कितपत चढलं की तुम्ही ओढा न ओलांडता मागे फिरता?